वेडाचं सोंग, पेडगाव आणि दोनिझेत्तीचे ‘ठरवून वेडे’

प्रश्न असा आला आहे : इटालियन संगीतकार गाएतानो दोनिझेत्ती याच्या ‘ई पात्सी पेर प्रोजेत्तो’ या एकांकी विनोदी ऑपेराची ओळख मराठीत लिहिताना नायक-नायिका ‘वेड पांघरून पेडगावला जातात’ असं म्हणावं का? आणि शीर्षकाचं मराठी काय करावं?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे, म्हणू नये. दुसऱ्याला जरा वेळ द्यावा लागेल.

ऑपेरा १८३० सालचा, नेपल्सचा. संहिता दोमेनिको जिलार्दोनीची. कथेचं मूळ ओजेन स्क्रीबच्या एका फ्रेंच नाटकात आहे. सगळा प्रकार घडतो वेड्यांच्या इस्पितळात. ते चालवणाऱ्या दार्लेमोंची पुतणी नोरिना आणि तिचा नवरा कर्नल ब्लँवाल यांच्यात दुरावा आलेला आहे. आपल्यावर दुसऱ्याचं प्रेम उरलं आहे की नाही हे दोघांनाही ताडून पाहायचंय, आणि त्यासाठी दोघंही वेड लागल्याचं नाटक करतात. बाकीच्या पात्रांची धावपळ प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची नाही.

आता पेडगाव. भीमेकाठचं, श्रीगोंदे तालुक्यातलं हे गाव, बहादूरगड इथेच. मोगली सरदाराला हुलकावणी देऊन मराठ्यांनी तळ लुटला, त्यावरून हा वाक्प्रचार आला, अशी कथा सांगतात. कथा काही असो, वापर पाहा : ‘त्याला सगळं ठाऊक आहे, पण वेड पांघरून पेडगावला जातोय.’ इथलं वेड म्हणजे भ्रम नाही, अजाणपणा आहे. माणूस काही कळत नसल्यासारखा चेहरा करतो आणि आपलं काम साधून घेतो. हिशेब विचारला की ‘कसला हिशेब?’ म्हणणारा पेडगावला निघालेला असतो. नोरिना अजाण असल्याचं दाखवत नाही, ती भ्रमिष्ट असल्याचं दाखवते. आणि तिला नवऱ्याला फसवून काही लुबाडायचं नाही. वाक्प्रचार लावला तर मराठी वाचकाच्या मनात ती लबाड ठरेल. हा तिच्यावर अन्याय होईल.

तिच्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे, सोंग. ‘ढोंग’ नको. ढोंग म्हटलं की निवाडाच झाला. ढोंगी माणसाला आपण माफ करत नाही. सोंगाला रंगभूमीचा वास आहे. एकनाथांच्या सोंगी भारुडांत आंधळा येतो, बहिरा येतो, मुका येतो, आणि त्यांना कुणी ढोंगी म्हणत नाही. बोहाड्यात सोंगं नाचवतात. तमाशात सोंगाड्या असतो. चांगलं जमलं की सोंग ‘वठलं’ म्हणतात. खोटेपणातला खेळ आणि कसब, दोन्ही या एका शब्दात येतात, आणि ऑपेरातली गंमत तीच आहे : गाणारी नटी नोरिनाचं सोंग वठवते आणि नोरिना वेडीचं.

क्रियापदही जपून वापरावं. झोपेचं सोंग आपण ‘घेतो’, पैशाचं सोंग मात्र ‘आणता’ येत नाही. माझ्या कानाला ‘घेणे’मध्ये अंगावर ओढून घेतलेली अवस्था ऐकू येते, ‘आणणे’मध्ये बाहेरचा देखावा. वेड ही अवस्था, म्हणून ‘नोरिना वेडाचं सोंग घेते’ हेच बरं.

शीर्षकाकडे येऊ. ‘पात्सी’ म्हणजे वेडे, ‘प्रोजेत्तो’ म्हणजे बेत, योजना. नेपल्सजवळच्या कासेर्ता इथे १७८९ मध्ये पैझिएल्लोचा ‘नीना’ हा ऑपेरा झाला होता. त्याचं उपशीर्षक ‘ला पात्सा पेर आमोरे’, म्हणजे प्रेमापायी वेडी झालेली. नीनाचं वेड खरं आहे. दोनिझेत्तीच्या शीर्षकात ‘पेर’नंतर ‘आमोरे’ऐवजी ‘प्रोजेत्तो’ येतं आणि इटालियन कानाला लगेच खटका बसतो. आपल्याकडे ‘प्रेमापायी वेडी’ चपखल बसतं, पण ‘बेतापायी वेडे’ कानाला खडा लागतो. ‘बेताने वेडे’ तर मुळीच चालणार नाही. त्याचा अर्थ होईल जेमतेम वेडे, जसा आपण बेताने खर्च करतो. ‘हेतुपुरस्सर वेडे’ला कोर्टाच्या कागदाचा वास येतो. मी ‘ठरवून वेडे’ ठेवीन. दोनच शब्द, आणि विसंगती ऐकताक्षणी कळते : वेड हे लागतं, ते कुणी ठरवत नाही. रंगमंचावर पाटी लावायची असेल तर ‘वेडाचा बेत’ही शोभेल.

प्रश्नकर्त्यांच्या मसुद्यात इस्पितळाला ‘मनोरुग्णालय’ म्हटलं आहे. आजच्या ठाण्याच्या किंवा येरवड्याच्या संस्थेबद्दल लिहिताना तोच शब्द हवा, त्याबद्दल दुमत नको. १८३० च्या पात्रांच्या तोंडी मात्र तो फार पुढच्या काळातला वाटतो. तिथे ‘वेड्यांचं इस्पितळ’ राहू द्या. निवेदन तुमचं असेल तिथे हळुवार शब्द जरूर वापरा. खुद्द दोनिझेत्तीला आजारपणात बुद्धिभ्रंश झाला, १८४६ मध्ये त्याला पॅरिसजवळच्या ईव्री इथल्या अशाच संस्थेत ठेवावं लागलं आणि १८४८ मध्ये तो बेर्गामोत, आपल्या गावी, वारला. हे ठाऊक असलेल्या माणसाच्या लेखणीतून ‘पागलखाना’ हा शब्द उतरू नये, असं मला मनापासून वाटतं.

राहिला प्रकार. इटालियनमध्ये याला ‘फार्सा’ म्हणतात, म्हणून ‘फार्स’ लिहायचा मोह होईल. पण मराठीत ‘चौकशीचा फार्स’ म्हटलं की देखाव्याचाच अर्थ पुढे येतो, आणि ज्या खेळात पात्रंच देखावा करताहेत तिथे हा शब्द घोटाळा करील. ‘प्रहसन’ जुना आहे, स्वच्छ आहे. आपल्या वाचकाला ‘संगीत सौभद्र’, ‘संगीत संशयकल्लोळ’ यांमुळे नावाआधीचं ‘संगीत’ चांगलं ओळखीचं आहे, तेव्हा लेखाच्या पहिल्या ओळीत ‘ठरवून वेडे, एकांकी संगीत प्रहसन’ असं लिहावं आणि कंसात मूळ नाव देवनागरीत द्यावं.