भरपाईचा रकाना

प्रिय मित्रा,

तुझा निबंध दोनदा वाचला. आकडे नीट आहेत, भाषाही सफाईदार. खटकलं ते एकच वाक्य: ‘कामं परदेशी गेल्याने दीर्घ मुदतीत देशाचा फायदाच होतो.’ खोटं नाही ते, पण अर्धं आहे. मी स्वतः वर्षानुवर्षं हेच वाक्य फळ्यावर लिहीत आलो, म्हणून जरा जास्तच टोचलं.

आधी शब्दांचा घोळ निस्तर. आउटसोर्सिंग म्हणजे काम कंपनीबाहेर देणं, ऑफशोरिंग म्हणजे देशाबाहेर नेणं. १९८९ साली अमेरिकेच्या कोडॅकने आपली संगणक केंद्रं अमेरिकेच्याच आयबीएमच्या हवाली केली, तेव्हा काम कंपनीबाहेर गेलं, देशाबाहेर नाही. पुढारी या दोन्हींची मुद्दाम सरमिसळ करतात. तू नकळत केली आहेस.

आता तुझा लाडका अर्थशास्त्रज्ञ, खुल्या व्यापाराचा पुरस्कर्ता डेव्हिड रिकार्डो. १८१७ सालच्या त्याच्या उदाहरणात पोर्तुगालने कापड सोडून दारू करावी आणि इंग्लंडने कापड विणावं, म्हणजे दोघांचाही लाभ. हिशेब चोख आहे. फक्त त्यात पोर्तुगालचा विणकर दुसऱ्या दिवशी द्राक्षमळ्यात कामाला लागलेला असतो. खऱ्या जगात तो त्याच गावात बसून राहतो. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या चिनी आयातीचा अभ्यास केला तेव्हा हेच दिसलं: फटका बसलेल्या भागातली माणसं दुसरीकडे फारशी गेलीच नाहीत. त्यांनी इतरांबरोबर मांडलेला अंदाज असा की १९९९ ते २०११ या काळात या आयातीने २० ते २४ लाख नोकऱ्या घेतल्या.

फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश यांचे आर्थिक सल्लागार ग्रेगरी मॅनक्यू तुझंच वाक्य बोलले. निवडणुकीचं वर्ष होतं. बुश यांच्या विरोधात उभे असलेले केरी तर कामं परदेशी नेणाऱ्या कंपन्यांच्या प्रमुखांना बेनेडिक्ट अर्नॉल्ड, म्हणजे देशद्रोहीच, म्हणत होते. पण मॅनक्यूंवर त्यांच्या स्वतःच्या पक्षाचे लोकही तुटून पडले. पाठ्यपुस्तकाप्रमाणे त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. अडचण अशी की स्वस्ताईचा फायदा कोट्यवधी ग्राहकांत चिमूटभर वाटला जातो आणि त्याबद्दल कोणी मत देत नाही. नोकरी गेलेल्याला मात्र आपलं काय गेलं ते नेमकं माहीत असतं.

अर्थशास्त्र म्हणतं, जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांची भरपाई करूनही काही उरतं. ‘करता येते’ आणि ‘केली’ यांतलं अंतर तुला तुझ्या तिसऱ्या भागात मोजायचं आहे. केनेडींच्या काळात, १९६२ साली, अमेरिकेने व्यापारामुळे बेकार झालेल्यांसाठी प्रशिक्षण आणि भत्त्याची योजना आणली. अटी इतक्या कडक, की पहिली सात वर्षं कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. पुढची गंमत तर ऐकच. मॅनक्यूंवरून गदारोळ चालला होता त्याच सुमारास प्रोग्रॅमरांचे अर्ज फेटाळले जात होते, कारण योजना ‘वस्तू’ बनवणाऱ्यांसाठी होती. सॉफ्टवेअर सीडीत भरून आलं तर वस्तू, तारेतून, म्हणजे इंटरनेटवरून, आलं तर नाही! सेवाक्षेत्राला रीतसर दार उघडलं ते २००९ साली. आणि जुलै २०२२ पासून, मुदत वाढवून न मिळाल्याने, नवे अर्ज मंजूर करणंच थांबलं.

म्हणून सीमा बंद करा, असं मी म्हणत नाही. ॲलन ब्लाइंडर हे खुल्या व्यापाराच्या बाजूचे अर्थतज्ज्ञ, पण २००६ साली त्यांनीच बजावलं की यापुढची रेषा शिकलेला आणि न शिकलेला अशी नसेल. दर्जा न बिघडता तारेतून पाठवता येणारं काम आणि न येणारं काम, अशी असेल. एक्स-रे वाचणारा डॉक्टर त्या रेषेच्या एका बाजूला, न्हावी दुसऱ्या. निबंधात तू ‘जास्त शिका’ एवढाच उपाय सुचवला आहेस. तो खोड.

त्याऐवजी त्याच योजनेत २००२ साली आलेला वेतनविमा बघ. पन्नाशी उलटलेल्या कामगाराला कमी पगाराची नवी नोकरी धरावी लागली, तर तुटीची निम्मी रक्कम दोन वर्षं मिळायची, कमाल १०,००० डॉलर. रक्कम पुरेशी होती का, पन्नाशीची अट कशासाठी, पैसा कोणाच्या खिशातून यावा, यावर दोन पानं लिही आणि पाठव. रिकार्डोला हवं तर तळटीपेत ठेव.

तुझा,
सर