नवी बॅटरी टाकूनही उभ्या गाडीची बॅटरी उतरते, काय करावं?

तुमची छोटी हॅचबॅक तीन दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही, आणि बॅटरी बदलल्यावरही तेच होतंय. मग आता तिसरी बॅटरी कृपा करून घेऊ नका. चावी काढल्यावरही गाडीतलं काहीतरी करंट खातंय आणि ते घरच्या घरी सापडू शकतं.

आधी हिशोब पाहा. घड्याळ, रिमोट लॉक, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) यांच्यासाठी उभी गाडी २० ते ५० मिलिअँपिअर घेते, ते चालतं. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर (करंट गुणिले तास, बॅटरीची साठवण यातच मोजतात), एवढ्यावर चांगली बॅटरी दोन-तीन आठवडे सहज तग धरते. पण डिकीतला ५ वॅटचा साधा दिवा चालू राहिला तर दिवसाला साधारण १० अँपिअर-अवर जातात. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन-साडेतीन दिवसांत संपली, तुमचं लक्षण नेमकं तेच!

मोजण्याआधी बॅटरी चार्जरवर पूर्ण चार्ज करा. काही तासांनी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली पाहिजे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ मिळाले तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरणारा जनरेटर) बॅटरी चार्ज करतोय.

आता मल्टीमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा आणि बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूला मालिकेत जोडा, म्हणजे सगळा करंट मीटरमधूनच जाईल. मी एक प्रोब बॅटरीच्या खांबाला (टर्मिनलला) आणि दुसरा केबलच्या क्लॅम्पला क्लिपने आधीच अडकवतो, मग दहाच्या पान्याने क्लॅम्प सैल करून उचलतो. असं केल्याने वीज क्षणभरही तुटत नाही. ती तुटली तर अडकून जागं राहिलेलं मॉड्यूल (गाडीतला एखादा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स) रीसेट होतं आणि दोष तेवढ्यापुरता लपतो. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

यानंतर थांबायचं. बहुतेक जण इथेच घाई करतात. दार उघडलं, रिमोट दाबला की गाडी जागी होते आणि काही अँपिअर दाखवते, त्यावरून काहीच ठरत नाही. बोनेट उघडं, दाराची कडी स्क्रूड्रायव्हरने 'बंद' करून ठेवलेली (म्हणजे उघडं दारही गाडीला बंद वाटतं), चावी घरात, आणि अर्धा-पाऊण तास शांतता. तेव्हाचा आकडा खरा. दार लावण्याआधी हँडल ओढून कडी सोडायला मात्र विसरू नका.

आकडा जास्त असेल तर फ्यूज एकेक उपटत बसू नका, त्याने मॉड्यूल पुन्हा जागी होतात. आधी क्लॅम्प खांबावर परत बसवा, मगच मीटर सोडवा. फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे बिंदू असतात, तिथे मीटर मिलिव्होल्टवर लावा. शून्य आलं तर त्या फ्यूजमधून करंट जात नाही. ०.५ किंवा १ मिलिव्होल्ट जरी दिसला तरी काहीतरी वाहतंय. मोठ्या अँपिअरच्या फ्यूजवर त्याच करंटला आकडा लहान येतो, एवढं ध्यानात ठेवा. मग झाकणावरच्या तक्त्यात त्या फ्यूजवर काय काय आहे ते पाहा.

माझा संशय मात्र नेहमी आधी कंपनीनंतर बसवलेल्या वस्तूंवर जातो: म्युझिक सिस्टीम, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून टाकलेलं सेंट्रल लॉकिंग. म्युझिक सिस्टीमची पिवळी तार कायम चालू लाइनला आणि लाल तार चावीच्या लाइनला हवी. घाईत दोन्ही कायम चालू लाइनला एकत्र पिळल्या की सिस्टीम कधी झोपतच नाही. तुमच्या गाडीत असं काही असेल तर पहिली तपासणी तिचीच.

सगळे फ्यूज शून्य दाखवत असतील आणि करंट तरीही असेल तर अल्टरनेटरचा डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) पाहा, कारण त्याची जाड तार केबिनच्या फ्यूजबॉक्समधून जात नाही. बॅटरीची निगेटिव्ह केबल पूर्ण काढून मगच ती तार सोडवा, टोकाला टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. करंट पडला तर डायोड गेलाय.

दोष सापडेपर्यंत गाडी लावताना निगेटिव्ह केबल काढून ठेवत जा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पुन्हा पुन्हा पूर्ण उतरली की तिच्या प्लेटांवर सल्फेट साचतं आणि नवी बॅटरीही काही महिन्यांत निकामी होते.