मिनेसोटातलं लहान कॅथलिक कॉलेज: मुलीला पाठवावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलीला बारावीनंतर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात कॉलेज ऑफ सेंट बेनेडिक्टला प्रवेश मिळालाय आणि स्कॉलरशिपही देऊ केलीय. पण नात्यात कुणी या कॉलेजचं नाव ऐकलेलं नाही, 'कॅथलिक' म्हटल्यावर सासूबाई धास्तावल्यात, आणि लिबरल आर्ट्समध्ये नेमकं शिकवतात काय याचा घरात कुणालाच पत्ता नाही. मी त्याच कॉलेजातून पदवी घेतली. आता मिनियापोलिसला नोकरी करते आणि अधूनमधून तिकडे जाणंही होतं. म्हणून सविस्तरच लिहिते.

आधी धर्माचं, कारण घरात गाडं तिथेच अडलंय. मुंबईच्या सेंट झेवियर्स या कॅथलिक कॉलेजला 1869 पासून मराठी घरांतली मुलं जातायत. चार-पाच पिढ्या शिकून बाहेर पडल्या, आपापले सणवार करत राहिल्या. सासूबाईंना हे उदाहरण लगेच पटेल. सेंट बेनेडिक्टमध्येही प्रार्थनेला जायची सक्ती नाही. मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, रोज होते, ज्यांना जायचं ते जातात. माझ्या मजल्यावर कॅथलिक मुली होत्या, लुथरन (प्रोटेस्टंट) होत्या, काहीच न मानणाऱ्याही होत्या. मी खोलीत छोटा गणपती ठेवला होता. लोक कुतूहलाने विचारायचे, एवढंच.

एक गोष्ट मात्र सक्तीची आहे, ती तिला आधीच सांगा: थिऑलॉजीचे, म्हणजे धर्मशास्त्राचे, अभ्यासक्रम प्रत्येकीला घ्यावेच लागतात. तिथे श्रद्धेची परीक्षा घेत नाहीत. ग्रंथ कुणी, कधी, कशासाठी लिहिला आणि लोकांनी त्याचे अर्थ कसकसे लावले, हे इतिहास किंवा साहित्य शिकावं तसं शिकवतात. त्यावर मी खाली लिहिणार आहे, कारण माझ्या चार वर्षांतला सगळ्यात चांगला अभ्यास मी त्याच वर्गात केला.

ही जागा कशी आहे ते थोडक्यात सांगते. खरं तर ही दोन कॉलेजं आहेत. सेंट जोसेफ नावाच्या लहान गावात मुलींचं सेंट बेनेडिक्ट, आणि काही मैलांवर कॉलेजव्हिलला मुलांचं सेंट जॉन्स. सेंट जॉन्स बेनेडिक्टिन, म्हणजे संत बेनेडिक्टच्या कॅथलिक पंथातल्या, मठवाशांनी 1857 मध्ये सुरू केलं आणि सेंट बेनेडिक्ट त्याच पंथाच्या सिस्टर्सनी 1913 मध्ये. वसतिगृहं वेगळी, खेळांचे संघ वेगळे. पण शिक्षक, विषय आणि वर्ग एकच, मुलंमुली एकत्र. 2022 पासून दोन्हींचा अध्यक्षही एकच आहे. मधे 'लिंक' नावाची फुकट बस धावते. सकाळचा वर्ग इकडे, दुपारची लॅब तिकडे, असं रोज चालतं. त्या बसच्या वेळांवर सगळ्यांचं आयुष्य बेतलेलं असतं. दोन्हीकडची मिळून पदवीची मुलं तीन हजारांच्या आतबाहेर. म्हणजे पुण्यातल्या एखाद्या मोठ्या महाविद्यालयाच्या निम्मीसुद्धा नसतील.

आता मुख्य गोष्ट. अशा कॉलेजात लपायला जागा नसते. आपल्याकडे वर्गात मागच्या बाकावर बसून, वर्षभर तोंड न उघडता, शेवटच्या महिन्यात गाइड वाचून पहिला वर्ग काढणारी हुशार मुलं आपण सगळ्यांनी पाहिलीत. इथे ते चालत नाही. वर्गात पंधरा-वीस जण असतात, बऱ्याचदा टेबलाभोवती. शिक्षक नावाने ओळखतात. 'कालच्या वाचनात तुला काय खटकलं?' असं थेट विचारतात आणि उत्तराची वाट पाहतात. बोलण्याला गुण असतात. पेपर कुणा अनोळखी परीक्षकाकडे जात नाही. जे शिकवतात तेच प्रश्न काढतात आणि तेच तपासतात. पहिल्या आठवड्यापासून सगळं धरलं जातं: छोट्या चाचण्या, निबंधाचे कच्चे खर्डे, लॅबच्या नोंदी. शेवटच्या परीक्षेला एकूण गुणांतला एखादाच हिस्सा असतो. त्यामुळे भारतातून आलेल्या मुलांचा पहिल्या सत्रात गोंधळ उडतो. अवघड असतं ते वाचन. प्रत्येक तासाला चाळीस-पन्नास पानं, आणि ती पाठ करायची नसतात, त्यांच्याशी वाद घालायचा असतो.

बेनेडिक्टिन परंपरेचा अभ्यासाशी काय संबंध, असं मलाही आधी वाटायचं. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टची एक नियमावली आहे, मठात कसं राहावं याची. तिच्या तिसऱ्या अध्यायात सांगितलंय की महत्त्वाचा निर्णय घ्यायचा असेल तेव्हा मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावं, अगदी वयाने लहान असलेल्यांनाही, कारण योग्य गोष्ट कित्येकदा देव धाकट्यालाच सुचवतो. हे वाचल्यावर मला तिथले वर्ग कळले. वरिष्ठ प्राध्यापक अठरा वर्षांच्या मुलीचं बोलणं मधे न तोडता ऐकतात, वहीत टिपून घेतात आणि पुढच्या तासाला 'तू परवा म्हणालीस त्याबद्दल मी विचार केला' असं म्हणतात, तेव्हा ती मुलगी बदलते. मी बदलले.

थिऑलॉजीच्या वर्गात आम्हाला तीर्थयात्रा हा विषय होता. स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंबद्दल वाचत होतो. मी विचारलं, पंढरीच्या वारीवर लिहू का? सर म्हणाले, जरूर. लहानपणापासून पालखी पाहिलेली, त्यामुळे मी आठ पानं झरझर लिहिली: भक्ती, समता, माउली. खर्डा परत आला तेव्हा समासात प्रश्नच प्रश्न. दिंड्यांचा क्रम कोण ठरवतं? पंगत सगळ्यांची एकत्र बसते का? बायका कोणत्या जागी चालतात आणि का? 'समता' म्हणतेस ती वाटेवरची की घरी परतल्यावरचीही? जन्म महाराष्ट्रात गेला, पण हे प्रश्न मला कुणी विचारले नव्हते. ग्रंथालयातून पुस्तकं मागवली, सुट्टीत आल्यावर गावातल्या वारकरी आजोबांशी बोलले. लेख तीनदा नव्याने लिहिला. एका कॅथलिक कॉलेजने माझी वारी माझ्याकडून काढून घेतली नाही, उलट ती नीट पाहायला लावली. सासूबाईंना हे नक्की सांगा.

त्या वातावरणाची आणखी एक खूण. सेंट जॉन्सने 1998 मध्ये डोनाल्ड जॅक्सन या सुलेखनकाराकडे संपूर्ण बायबल हाताने लिहून आणि चितारून घ्यायचं काम सोपवलं. चर्मपत्रावर, पिसाच्या लेखणीने. ते 2011 मध्ये पूर्ण झालं. त्यातल्या स्तोत्रांच्या खंडाच्या चित्रांत मठवाशांच्या गायनाचे ध्वनिआलेख सोनेरी रेषांनी काढलेत, आणि त्यांच्यासोबत ज्यू, मुस्लिम, बौद्ध गायनाचे आणि हिंदू भजनाचेही. तिथेच हिल म्युझियम अँड मॅन्युस्क्रिप्ट लायब्ररी आहे. 1965 पासून ते लोक जगभरची हस्तलिखितं जतन करण्यासाठी त्यांची छायाचित्रं घेतायत: इथिओपियातली, माल्टातली, टिंबक्टूची इस्लामी हस्तलिखितं, आपल्या केरळातल्या ख्रिस्ती लोकांच्या सीरियाक या जुन्या भाषेतल्या पोथ्यासुद्धा. इतिहासाची आवड असेल तर मुलीने पहिल्याच महिन्यात तिथे जाऊन यावं.

आता विषयांबद्दल, म्हणजे लिबरल आर्ट्समध्ये नेमकं शिकवतात काय ते: प्रवेश घेताना शाखा ठरवावी लागत नाही. मुख्य विषय साधारण दुसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत निवडायचा. तोवर विज्ञान, कला, समाजशास्त्रं, परकी भाषा अशा सगळ्या बाजूंचं थोडंथोडं घ्यावं लागतं. 2020 पासून या रचनेला 'इंटिग्रेशन्स' म्हणतात. माझ्या वेळची रचना वेगळी होती, पण गाभा तोच. जीवशास्त्र मुख्य ठेवून संगीत शिकणारी, नर्सिंग करता करता स्पॅनिश बोलणारी मुलगी तिथे नवलाची नाही. तुमच्या यजमानांना 'दोन वर्षं वाया' असं वाटतंय. मला ती दोन वर्षं सगळ्यात मोलाची वाटतात. मात्र मुलीला इंजिनिअरच व्हायचं असेल तर हे कॉलेज तिच्यासाठी नाही, स्पष्टच सांगते.

राहणं-खाणं पटकन उरकते. जानेवारीत उणे वीस-पंचवीस अंश होतं, चांगला कोट तिथेच घ्यावा. शाकाहारी असेल तर उपाशी राहणार नाही, पण पहिलं वर्ष पास्ता, राजमा आणि सॅलडवर काढावं लागेल. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, शुक्रवारी कॅथलिक मांस खात नाहीत, त्या दिवसांत आपली चंगळ. शेजारच्या सेंट क्लाउड शहरात सोमाली वस्ती मोठी आहे, त्यांच्या दुकानांत तांदूळ आणि मसाले मिळतात. मेपल ग्रोव्हला मोठं हिंदू मंदिर आहे, मिनियापोलिसकडे मराठी कुटुंबंही पुष्कळ. पण हे सगळं तासा-दीड तासावर आणि गाडीशिवाय अवघड. कॉलेजात भारतीय चेहरे मोजकेच, मराठी बहुधा तीच एक. थँक्सगिव्हिंगला, नोव्हेंबरातल्या त्यांच्या घरगुती सणाला, वसतिगृह ओस पडतं तेव्हा फार एकटं वाटतं. कुणी घरी बोलावलं तर तिने संकोच करू नये, ते लोक मनापासून बोलावतात.

सेंट जॉन्सच्या आवारात जंगल आहे, सॅगाटॅगन तळं आहे, त्याच्या पलीकडे स्टेला मॅरिस नावाचं चॅपल आहे. मार्च-एप्रिलमध्ये मेपलच्या झाडांचा रस काढून पाक करतात, 1942 पासूनची रीत आहे. सेंट जॉन्सच्या फुटबॉलचं (अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात धरून धावायचा) वेड तर विचारू नका. तिथले प्रशिक्षक जॉन गॅग्लिआर्डी 2012 मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर 489 विजय होते, अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधला विक्रम. आणि सरावात ते खेळाडूंना एकमेकांना पाडू देत नसत! सेंट जॉन्स ज्या गटात (डिव्हिजन थ्री) खेळतं त्यातली कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत, त्यामुळे तुमच्या शेजारी बसलेला रसायनशास्त्राचा मुलगाच शनिवारी मैदानात दिसतो.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. सेंट जॉन्सच्या मठातल्या काही जणांवर पूर्वीच्या दशकांतल्या लैंगिक अत्याचारांचे आरोप झाले आणि 2013 मध्ये मठाने स्वतः त्यांची नावं जाहीर केली. आईवडिलांनी हे दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं. आज मुलींच्या सुरक्षेची काय व्यवस्था आहे, तक्रार कुणाकडे करायची, हे कॉलेजला सरळ विचारा. विचारण्यात काहीही गैर नाही.

आता पैसे. शिक्षणशुल्काचा छापील आकडा पन्नास हजार डॉलरांच्या पुढे आहे, पण तो पूर्ण भरणारे थोडे. तुम्हाला दिलेल्या पत्रात चार गोष्टी तपासा: स्कॉलरशिप चारही वर्षं आहे का, ती टिकवायला किती सरासरी लागते, शुल्क वाढलं तर रक्कम वाढते की तेवढीच राहते, आणि आरोग्य विमा व उन्हाळ्यातलं राहणं त्यात धरलंय का. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येतं; त्यातून हातखर्च निघतो, शुल्क नाही. पदवीनंतर कामासाठी एक वर्ष मिळतं, आणि विषय सरकारी यादीत विज्ञान-तंत्रज्ञान-गणितात बसत असेल तर आणखी दोन वर्षं. अर्थशास्त्रासारखा विषय एका कॉलेजात त्या यादीत असतो, दुसरीकडे नसतो. म्हणून तिला जे विषय आवडतात त्यांचे त्या यादीसाठीचे कोड आत्ताच विचारून घ्या. नोकरीच्या बाबतीत, मिनेसोटात या कॉलेजच्या नावाला खूप वजन आहे आणि माजी विद्यार्थी फोन उचलतात. भारतात मात्र नाव सांगून कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत, हे गृहीत धरा.

तर निर्णय कसा करायचा? मुलगी प्रश्न विचारणारी आहे का, तिला लिहायला आवडतं का, की शांतपणे आपलं आपण अभ्यास करून मोकळं व्हायला आवडतं? दुसऱ्या प्रकारची असेल तर मोठं विद्यापीठ तिला जास्त सुखाचं जाईल. पहिल्या प्रकारची असेल तर, ताई, मी म्हणेन पाठवा. उत्तर कळवायची मुदत बहुतेक 1 मे असेल, पत्रात पाहा. त्याआधी तिने, तुम्ही नव्हे, प्रवेश कार्यालयाला मेल लिहून एखाद्या वर्गात ऑनलाइन बसता येईल का आणि दक्षिण आशियातून आलेल्या सध्याच्या विद्यार्थिनीशी बोलता येईल का, हे विचारावं. आणि स्कॉलरशिपच्या पत्रातल्या अटी इथे लिहिल्यात, तर मी वाचून सांगेन.