गाडीच्या पुढच्या काचेवर पाणी उडत नाही, पण मोटरचा आवाज येतो. वॉशर पंप बदलावा का?

आवाज येतोय म्हणजे पंपाला करंट मिळतोय, लगेच नवा घेऊ नका. आधी टाकीत पाणी आहे ना बघा (हसू नका, बरेचदा तेच निघतं). मग बॉनेट उघडून नॉझलची (काचेवर पाणी उडवणारं बारीक तोंड) रबरी नळी काढा आणि कुणाला तरी लिव्हर ओढायला सांगा. नळीतून जोरात पिचकारी उडाली, तर नॉझल चोंदलंय. टाचणीने हलकेच साफ करा. माझ्या गाडीत बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार खडूसारखा बसला होता. नळीतही पाणी नसेल, तर ती कुठे निसटलीय का, उंदराने कुरतडलीय का ते बघा. त्यानंतर पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी. तिथे शेवाळ साचतं. एवढं करूनही मोटर नुसतीच गुरगुरली, तर पंप गेला. आवाजच येत नसता, तर पहिला संशय फ्यूजवर घेतला असता.