ठसका थांबला, पण दाणा कुठंय?

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. आम्ही औसा तालुक्यातले. येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, सगळं घर शेतात होतं. कडब्याच्या कोपीपाशी पूजा झाली, पंगत बसली, अन् माझा अडीच वर्षांचा पोरगा मुठीत भाजलेले शेंगदाणे घेऊन पळत होता. एकदम ठसका लागला, ओठ निळे पडले. सासूबाईंनी ‘वर बघ, चिमणी बघ’ म्हणत टाळूवर थापटलं, दिरांनी पाय धरून उलटा केला, मी तोंडात बोट घातलं. मग रडायला लागला. दाणा दिसला नाही. गिळला असेल म्हणून सोडून दिलं. आज नऊ दिवस झाले, खोकला जात नाही, रात्री छातीत शिटी वाजते. गावात सर्दीचं औषध दिलं. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. आमचं काय चुकलं?
— एक आई, जि. लातूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं त्याच दुपारी फोन केला, कारण हे छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. इतर वाचकांसाठी सांगते : लेकराला लातूरला नेलं, भूल देऊन दुर्बिणीनं उजवीकडच्या श्वासनळीतून अर्धा दाणा काढला. फुगून मऊ झाला होता.

ठसका थांबला म्हणजे दाणा निघाला, असं धरून चालू नका. घशात अडकलेला तुकडा कधी कधी खाली सरकून श्वासनळीच्या एका फांदीत जाऊन बसतो. उजवी फांदी जास्त रुंद आणि सरळ, म्हणून बहुतेक वेळा तिकडंच. मधला रस्ता मोकळा झाला की लेकरू शांत होतं, खेळायला लागतं, अन् घरचे फसतात. शेंगदाणा ओलाव्यानं फुगतो, त्याच्या तेलानं आतली त्वचा सुजते. मग खोकला, एका बाजूची शिटी, ताप, न्यूमोनिया. छातीच्या फोटोत दाणा दिसत नाही. फार तर एका बाजूला कोंडलेली हवा दिसते, अन् कधी फोटो चांगलाही येतो. म्हणून डॉक्टरांना ‘खोकला आहे’ एवढंच न सांगता ‘दाणे खाताना ठसका लागला होता’ हे पहिलं वाक्य सांगायचं. चूक शोधायचीच तर मला ती इथं दिसते. त्या दिवशी सगळेच घाबरले होते, त्याचा दोष कुणाला देऊ?

आता त्या दिवसाचं. लेकरू जोरात खोकत असेल, रडत असेल, तर हात लावू नका. खोकल्याइतकं चांगलं औषध नाही. खोकू द्या, जवळ बसा. भीती आवाज बंद झाल्याची. तोंड उघडं पण आवाज नाही, खोकला फुसका, ओठ निळे : तेव्हा एकानं १०८ ला फोन लावायचा, दुसऱ्यानं कामाला लागायचं. ‘वर बघ’ नको. मान मागं जाते, अन् आपल्याला हवं असतं नेमकं उलट. लेकराला पुढं वाकवा, पाठीवर दोन खवाट्यांच्या (खांद्यांच्या पात्यांच्या) मध्ये तळहाताच्या टाचेनं, म्हणजे मनगटाकडच्या भागानं, पाच जोरदार धपाटे. नाही निघालं तर मागून मिठी घाला, बेंबीच्या जरा वर मूठ, तिच्यावर दुसरा हात, आत आणि वर असा झटका, पाच वेळा. पुन्हा धपाटे. मोठ्या माणसालाही हेच. गरोदर बाईला मात्र पोटाऐवजी छातीच्या मधल्या हाडावर.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटाला हात नाही. त्याला हातावर पालथं घ्या, डोकं खाली, पाच धपाटे; मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. पाय धरून लटकवू नका. तोंडात दिसतंय तेवढंच काढा. न दिसणाऱ्या वस्तूला बोट लावलं की ती आणखी आत जाते. पाणी तर अजिबात नको. लेकरू निपचित पडलं तर जमिनीवर झोपवून छातीवर ३० दाब, तोंडात बघणं, २ श्वास, गाडी येईपर्यंत. पोटाला झटके दिले असतील तर निघाल्यावरही एकदा दवाखान्यात दाखवा.

आमच्या वॉर्डात अशा निघालेल्या वस्तूंची बाटली होती : शेंगदाणे, हरभरे, सीताफळाची बी, चिंचोका, पेनाचं टोपण. (पेनाच्या टोपणाला भोक ठेवतात ते याचसाठी, श्वासनळीत अडकलं तरी हवा जावी म्हणून.) त्यात शेंगदाणेच जास्त. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा दाणा नको. कूट करून द्या, अन् खाताना पळू देऊ नका. येळवसेला हे सांगणं अवघड आहे, मला ठाऊक आहे.

प्रश्न : तुरीचं खळं चालू असताना वडिलांना दम लागतो. दम्याच्या पंपाची सवय लागते म्हणून ते घेत नाहीत. अशा वेळी झोपवावं का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : झोपवू नका. भुसा उडतो तिथून लांब न्या, पुढं झुकवून बसवा, हात मांडीवर. डॉक्टरांनी दिलेला आराम पडायचा पंप त्याला लावायच्या नळीतून (स्पेसर) एकेक दाबून द्या. सवय पंपाची लागत नाही, दमा असतो म्हणून पंप लागतो. एक वाक्य सलग बोलता येईना, किंवा पंपानं उतार पडेना, तर १०८. अन् खळ्यावर तोंडाला ओला पंचा बांधायला सांगा. ऐकतील की नाही ते मात्र तुम्हीच जाणो.