वाचकांचे प्रश्न : बोर्सालिनोचे २८ हजार आणि बुरशीची सोला हॅट

प्रश्न : ऑनलाइन एक विक्रेता बोर्सालिनोच्या फेडोरा हॅटचे (काठाची, माथ्यावर चिमटी घातलेली मऊ हॅट) २८ हजार मागतोय. 'चाळीसच्या दशकातली, न वापरलेली, ५८ नंबर, मूळ डब्यासह' असं लिहिलंय. फोटो तीनच, सगळे वरून काढलेले. घ्यावी का? (म्हापसा)

उत्तर : तीन फोटोंवर नको. बोर्सालिनो १८५७पासून इटलीत हॅट बनवतेय आणि आजही बनवते, त्यामुळे नुसत्या छापावरून वय ठरत नाही. डबाही पुरावा नव्हे. रिकामे डबे वेगळे विकले जातात. आतल्या चिठ्ठीवर बारकोड दिसला तर गोष्ट तिथंच संपते, कारण दुकानात पहिला बारकोड वाचला गेला तो १९७४मध्ये.

विक्रेत्याकडून चार फोटो मागा. कपाळाला टेकणारी चामड्याची पट्टी (स्वेटबँड) उलटी करून, म्हणजे मागची मापाची चिठ्ठी आणि शिवण दिसेल. वरच्या चिमटीचा, म्हणजे माथ्यावर पुढे दाबलेल्या भागाचा, अगदी जवळून. बोटं नेहमी तिथंच पडतात, म्हणून फेल्ट (दाबून घट्ट केलेलं केसांचं कापड) आधी तिथं झिजतं आणि चिरतं. आतून टॉर्च लावून अंधारात, म्हणजे कसरीची भोकं लपत नाहीत. चौथा काठाच्या खालच्या बाजूचा.

'५८ नंबर'वरही विसंबू नका. ५८ म्हणजे आतला घेर ५८ सेंमी. अमेरिकी माप सव्वासात, ब्रिटिश सात पूर्णांक एक अष्टमांश. पण जुनं चामडं सुकलं की आकसतं आणि फेल्टलाही आत ओढतं. चिठ्ठीवर ५८, डोक्यावर ५७, असं सर्रास होतं. आतून टेप लावून मोजलेला आकडा मागा. हॅट किंचित सैल असेल तर पट्टीमागे कागदाची घडी सरकवता येते. घट्ट असेल तर ताणू नका, पापडासारखी कडक झालेली पट्टी शिवणीतच तुटते. नवी पट्टी बसवता येते, पण मग ती 'मूळ स्थितीतली' राहत नाही आणि भाव त्याप्रमाणे उतरायला हवा.

भावाचं म्हणाल, तर मागितलेली रक्कम बघूच नका. ईबेवर 'विकलेल्या वस्तू' हा पर्याय निवडून त्याच मापाचे, तशाच स्थितीतले पाच-सहा सौदे वहीत उतरवा. परदेशातून येणार असेल तर डाकखर्च आणि कस्टम्स त्यात मिळवा. तो आकडा विक्रेत्याला सरळ कळवा. हुज्जत घालू नका. महिनोन् महिने न विकलेली हॅट बहुधा पुन्हा उतरत्या भावात दिसते.

प्रश्न : घरातल्या जुन्या सोला हॅटवर (साहेबी काळातली उन्हाची कडक टोपी) पावसात बुरशी येते. पुसावी कशी? (फोंडा)

उत्तर : ओल्या फडक्यानं मुळीच नाही. आतला भाग शोला वनस्पतीच्या गाभ्याचा असतो. पाणी लागलं की तो मऊ पडून आकार सोडतो. कोरड्या दिवशी बाल्कनीत, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशनं झाडा आणि सावलीत वारा लागू द्या. उन्हात ठेवलीत तर कापड विटेल. ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको. पुठ्ठ्याच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि जूनपासून त्या अधूनमधून बदला.