आठ तासांची लॅब आणि तुझा वेग

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सराव लॅब वेळेत संपत नाही, शेवटचे टास्क राहून जातात, म्हणून टायपिंगचा वेग वाढवायला घेतलास असं लिहिलं आहेस. टायपिंग सुधार, त्याला माझी ना नाही. पण सीसीआयई एंटरप्राइझ या सिस्कोच्या नेटवर्किंग प्रमाणपत्राच्या लॅबमध्ये, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेत, वेळ कमांड टाइप करण्यात फारसा जात नाही. तो जातो ठरवण्यात, आणि त्याहून जास्त जातो मागे फिरण्यात. तासाभरापूर्वी केलेलं चुकलंय हे दुसऱ्याच टास्कमध्ये कळतं आणि तिथून शोध सुरू होतो. तुझे राहिलेले टास्क त्या शोधात गेलेत.

म्हणून पहिली सवय ही लाव: टास्क करून झाला की तो तिथल्या तिथे तपासायचा, आणि नीट तपासायचा. अर्धवट तपासणी फसवते. एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण सरावात हे हमखास भेटतं. दोन राउटरमध्ये ओएसपीएफ, म्हणजे एकमेकांना वाटा कळवण्याचा प्रोटोकॉल, लावलंस. एका बाजूचा नेटवर्क टाइप ब्रॉडकास्ट राहिला, दुसरीकडे तू पॉइंट टू पॉइंट केलास. दोन्हींचा हॅलो टायमर १० सेकंदांचा आणि डेड टायमर ४० चा, त्यामुळे शेजार, म्हणजे दोन राउटरमधलं नातं, बिनतक्रार जुळतो. ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ मारलंस, फुल दिसलं, पुढे गेलास. पण राउटिंग टेबलमध्ये पलीकडचा एकही रूट (वाट) नाही! हे तुला कळणार केव्हा, तर वर बीजीपी (वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये वाटा कळवणारा प्रोटोकॉल) बसवायला घेशील तेव्हा, आणि तोवर तू दोष बीजीपीत शोधत बसशील.

खरं तर खूण समोरच होती. एका राउटरवर फुलच्या पुढे शेजाऱ्याची भूमिका लिहिलेली असते, दुसऱ्यावर नुसती आडवी रेघ. आणि डेटाबेसमध्ये डोकावलास तर त्या राउटरच्या एलएसएवर (त्याने कळवलेल्या माहितीच्या नोंदीवर) तो रीचेबल नसल्याची नोंद स्पष्ट असते. म्हणजे ‘शो आयपी रूट ओएसपीएफ’ ही एक कमांड आणि दहा सेकंद जास्त दिले असतेस तर पुढचा अर्धा तास वाचला असता. शेजार दिसला म्हणजे काम झालं असं मानू नकोस. रूट आला, पिंग गेला आणि ज्या वाटेने जायला सांगितलंय त्याच वाटेने ट्रेसराउट गेला, तर टास्क झाला.

अशा खुणा तोंडपाठ असल्या की दोष शोधायला वेळ लागत नाही. शेजार एक्सस्टार्ट या सुरुवातीच्या टप्प्यावर अडकलाय? आधी एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघ. शेजार मुळातच दिसत नाही? टायमर, एरिया, मास्क, ऑथेंटिकेशन, याच क्रमाने. रूट बीजीपी टेबलमध्ये आहे पण बेस्ट होत नाही? नेक्स्ट हॉपला (वाटेतल्या पुढच्या राउटरला) पोचता येतंय का ते पाहा. प्रत्येक तंत्रज्ञानासाठी असा तुझा स्वतःचा क्रम वहीत हाताने लिहून काढ आणि तो मोडू नकोस. घाबरलेल्या डोक्याला क्रम लागतो. ‘इथे बघू, तिथे बघू’ करत फिरणारा माणूस हुशार असूनही मागे पडतो, हे मी अनेकांच्या शेजारी बसून पाहिलंय.

आता हाताचा वेग. नोटपॅड हे तुझं मुख्य हत्यार. एका राउटरचं कॉन्फिगरेशन तिथे लिही, कॉपी कर, आयपी आणि एएस (बीजीपीत नेटवर्कला दिलेला) नंबर बदल, दुसऱ्यावर पेस्ट कर. मात्र शंभर ओळी एकदम ओतू नकोस, कन्सोल (राउटरची कमांडची खिडकी) अधलीमधली अक्षरं खातो आणि कुठली खाल्ली ते शोधत बसावं लागतं. थोड्या थोड्या ओळी टाक. ‘इंटरफेस रेंज’, ‘डू’, ‘शो रन’ला जोडलेलं ‘सेक्शन’ हे बोटांत बसलेलं हवं. पूर्ण रनिंग कॉन्फिग स्पेसबार दाबत वाचणं आजपासून बंद कर. शेवटच्या तपासणीसाठी टीसीएल शेलमध्ये (राउटरवरच छोटी स्क्रिप्ट चालवायची सोय) फोरईच लावून सगळ्या पत्त्यांना एकदम पिंग करायला शीक. मोठा बदल करण्याआधी चालू कॉन्फिग फ्लॅशवर ठेव, म्हणजे बिनसलं तर ‘कॉन्फिगर रिप्लेस’ने एका कमांडीत परत येशील.

एसडी-वॅनच्या (शाखांची नेटवर्कं एका जागेवरून चालवण्याच्या) भागात वाट बघणं आलंच. व्हीमॅनेज या मध्यवर्ती सॉफ्टवेअरवरून (आताचं नाव एसडी-वॅन मॅनेजर) टेम्प्लेट पाठवलं की ते पोचेपर्यंत स्क्रीनकडे टक लावून बसू नकोस, तेवढ्यात दुसरा छोटा टास्क उरकून घे.

परीक्षेची रचना तुला माहीत आहेच: पहिले ३ तास डिझाइनचे, पुढचे ५ तास प्रत्यक्ष कामाचे. दोन्हींत किमान गुण लागतात, त्यामुळे डिझाइनला दुय्यम समजू नकोस. तिथे उत्तर देऊन पुढे गेलं की मागे येता येत नाही, तेव्हा गती वाचनात हवी, निर्णयात नव्हे. ग्राहकाचा ईमेल, आकृती, अटी आधी पूर्ण वाच आणि मगच पर्यायांकडे बघ. दुसऱ्या भागात उलट आहे, टास्क मागेपुढे करता येतात. म्हणून पेपर हातात आला की सगळा एकदा वाच, कुठला टास्क कुणावर अवलंबून आहे ते कागदावर मांड आणि खालच्या थरापासून वर ये.

अडकलास तर? स्वतःला पंधरा मिनिटं दे. त्यात सुटलं नाही तर काय काय बघून झालं ते एका ओळीत लिही आणि टास्क सोड. हे सगळ्यात अवघड आहे, कारण चांगल्या इंजिनिअरला अर्धवट सोडवत नाही. नोकरीत हा हट्ट गुण आहे, पण लॅबमध्ये त्याची किंमत पुढचे दोन सोपे टास्क देऊन चुकवावी लागते. सरावातही घड्याळ लावूनच बस, नाहीतर सोडायची सवय परीक्षेच्या दिवशी अचानक लागणार नाही.

शेवटचा पाऊण तास नवीन काही सुरू करू नकोस. प्रत्येक प्रश्नाची अट पुन्हा वाच, कारण ‘स्टॅटिक रूट वापरू नये’ अशी एखादी ओळ नजरेतून सुटलेली असते. प्रत्येक डिव्हाइसवर कॉन्फिग सेव्ह केल्याची खात्री कर.

परीक्षेसाठी बंगळूरला आदल्या दिवशीच पोच. रात्रीच्या गाडीने उतरून थेट परीक्षेला बसायचा विचार असेल तर तो सोड. पुढच्या रविवारी तुझी एक पूर्ण लॅब स्क्रीन रेकॉर्ड करून पाठव. कुठे किती मिनिटं गेली ते आपण दोघं बसून बघू.

तुझा,
दादा